हिरड्यांतले जंतू जबड्याचे हाड खातात का?

आपण विचारले आहे की, तासगाव तालुक्यात राहणाऱ्या आपल्या आईंच्या हिरड्यांतून अनेक वर्षे रक्त येत आहे, आता पुढचे दोन दात हलू लागले आहेत आणि डॉक्टरांनी एक्स-रे पाहून दाताभोवतीचे हाड झिजल्याचे सांगितले आहे. तर मग जंतू हाड खातात का, आणि खात असतील तर दुखत कसे नाही? मी सांगलीत गेली २२ वर्षे हिरड्यांच्या आजारांवरच उपचार करतो आणि हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याचे खरे उत्तर समजले की उपचार कशासाठी करायचे हेही समजते.

जंतू हाड खात नाहीत. हाड झिजवतात त्या आपल्याच शरीरातील पेशी, आणि त्यांना तसा निरोप जातो तोही आपल्याच हिरडीकडून.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. निरोगी माणसात तिची खोली एक ते तीन मिलिमीटर इतकीच असते. तेथे किटण साचत गेले की प्राणवायूविना जगणाऱ्या जंतूंची वस्ती वाढते. त्यांपैकी सर्वांत अभ्यासलेला जंतू म्हणजे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. त्याच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा रेणू असतो आणि अंगावर केसांसारखे तंतू असतात. हिरडीच्या अस्तरातील पेशींवर व त्याखालील, तंतू बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींवर परके रेणू ओळखणारे ग्राही असतात, त्यांना टोल-लाइक रिसेप्टर म्हणतात. जंतूचा रेणू या ग्राहीला चिकटला की पेशीच्या आत एकामागून एक प्रथिने जागी होतात, एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरते आणि दाह निर्माण करणारी जनुके सुरू करते. मग ती पेशी इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ असे संदेशवाहक रेणू बाहेर सोडते. त्यांपैकी इंटरल्यूकिन-८ रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना हाक मारते, रक्तवाहिन्या फुगतात, द्रव झिरपतो, आणि ब्रशचा नुसता स्पर्श झाला तरी रक्त येते.

इथवरचा दाह हा शरीराचा बचावच आहे आणि तो परतवता येतो. डेन्मार्कमध्ये १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे थांबवले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासू लागल्यावर त्या पूर्ववत झाल्या.

पुढचा भाग अधिक गंभीर आहे. हा जंतू जिंजिपेन नावाची विकरे सोडतो, जी पेशींना एकमेकींशी जोडणारी प्रथिने कापतात, आणि तो अस्तराच्या पेशींच्या आत शिरून तेथे टिकूनही राहतो. विशेष म्हणजे पेशीच्या आत असताना तो इंटरल्यूकिन-८ ची हाक काही काळ दाबून टाकू शकतो, म्हणजे नेमके जेथे न्यूट्रोफिल यायला हवेत तेथे ते वेळेवर पोहोचत नाहीत आणि बाकीच्या जंतूंनाही फावते. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की, हा जंतू संख्येने अत्यल्प असतानाही हाडाची झीज घडवतो, मात्र ज्या उंदरांच्या तोंडात दुसरे कोणतेच जंतू नव्हते त्यांच्यात तो एकटा ती घडवू शकला नाही. माझ्या मते या आजारातील सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट हीच आहे.

आपल्या ऊस पट्ट्यात बहुतेकांना वाटते की गोड खाल्ल्याने हिरड्या बिघडतात. साखर दात किडवते हे खरे. पण हा जंतू साखरेवर जगतच नाही. त्याला प्रथिनांचे तुकडे आणि रक्तातील लोहयुक्त हीम लागते. म्हणजे सुजलेल्या हिरडीतून झिरपणारा द्रव व रक्त हेच त्याचे अन्न, आणि दाह जितका वाढतो तितके ते त्याला अधिक मिळते.

हा दाह वर्षानुवर्षे चालू राहिला की न्यूट्रोफिलमधून निघणारी विकरे दाताला हाडाशी बांधणारे तंतू विरघळवतात, आणि फायब्रोब्लास्ट पेशी व लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी रँक-एल नावाचा रेणू अधिक प्रमाणात तयार करू लागतात. हा रेणू हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना घडवतो व कामाला लावतो. आईंच्या एक्स-रेमध्ये दिसणारी झीज ती हीच. ती संथ असते आणि झिरपणाऱ्या द्रवाला बाहेर पडायला वाट असते, म्हणून बहुधा वेदना होत नाहीत, आणि म्हणूनच माणसे उशिरा येतात.

आपण हळद लावण्याविषयीही विचारले आहे. सांगलीची हळद आपल्या अभिमानाची आहे, आणि हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेतील पेशींमध्ये एनएफ-कप्पा-बीला आवर घालते हेही खरे आहे. परंतु हिरडीवर बाहेरून लावलेली हळद पाच-सहा मिलिमीटर खोल गेलेल्या खाचेच्या तळाशी पोहोचत नाही आणि दाताला चिकटलेले घट्ट किटण काढत नाही. मिश्री मात्र आईंनी आजच थांबवावी, असे मी कळकळीने सांगतो. ती भाजलेली तंबाखूच आहे. तिने दात बळकट होत नाहीत, हिरडी दातावरून मागे सरकते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

त्यांची रक्तातील साखर तपासून घ्यावी, कारण मधुमेह असल्यास हा दाह अधिक भडकतो. त्यानंतर हिरडीखालचे किटण मुळापर्यंत काढून घ्यावे. काही दिवस दातांत थंड पाण्याची शिणशिण जाणवेल. तिला घाबरू नये. गेलेले हाड बहुतांशी परत येत नाही, तथापि दाह उतरला की हिरडी पुन्हा घट्ट होते आणि थोडेसे हलणारे दात पुष्कळदा स्थिरावतात. प्रत्येक दाताभोवतीची खोली उपचारापूर्वी मोजून लिहून घ्यावी आणि सहा ते आठ आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा मोजायला सांगावे. ते दात राखता येतील की काढावे लागतील, याचा निर्णय त्या दुसऱ्या मोजणीनंतरच घ्यावा.