सत्र जपानचं, क्रेडिट इथले

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सोलापुरात टेक्स्टाइल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या करारातून जपानमधल्या मात्सुयामाच्या एका विद्यापीठात एका सत्रासाठी माझी निवड झाली आहे, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. बाबांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. ते म्हणतात, "वर्ष वाया घालवून येशील, त्यापेक्षा कारखान्यात बस." आईला जेवणाची काळजी, कारण आम्ही पूर्ण शाकाहारी. आज्जी म्हणते, गड्ड्याच्या यात्रेला घरची लेक घरात नाही, असं कसं चालेल? घरी कन्नड, बाहेर मराठी, इंग्रजी बेताचं, जपानी अजिबात नाही. जाऊ का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : जा. पण आधी बाबांचं ऐक, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात खरा मुद्दा त्यांचाच आहे. वर्ष खरंच वाया जाऊ शकतं. जपानमुळे नाही, इथल्या कागदांमुळे.

आपलं सत्र जुलै-ऑगस्टात सुरू होतं, नोव्हेंबर-डिसेंबरात परीक्षा, जानेवारीत पुढचं सत्र. तू ऑक्टोबरमध्ये निघणार म्हणजे इथलं एक सत्र अर्धवट सुटणार आणि फेब्रुवारीत परत येईपर्यंत दुसरं सुरू झालेलं असणार. मग हजेरी कशी धरायची, टर्मवर्कचे गुण कोण देणार, सबमिशनचं काय? "बघू नंतर" हे उत्तर घेऊन विभागप्रमुखांच्या केबिनमधून बाहेर पडू नकोस. माझ्यासोबत जपानला आलेल्या मैत्रिणीला तिच्या कॉलेजात असंच तोंडी सांगितलं होतं. परत आल्यावर तिला दोन विषयांची परीक्षा खालच्या वर्गातल्या मुलांबरोबर बसून द्यावी लागली. तिकडे त्याच विषयांत तिला उत्तम श्रेणी होती.

असं का होतं, तेही समजून घे. जपानमध्ये दोन क्रेडिटचा विषय म्हणजे साधारण आठवड्याला ९० मिनिटांचा एक तास, असे १५ आठवडे. ती ९० मिनिटं तिथे दोन तास म्हणून धरतात. आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं. त्यामुळे परीक्षा विभागातला माणूस कॅल्क्युलेटर काढतो, त्याला ३० ऐवजी साडेबावीस तास दिसतात आणि फाइल तिथेच अडकते. तो काही वाईट माणूस नसतो, त्याच्यापुढे नियम असतो. म्हणून निघण्याआधी तिथल्या विषयांचा अभ्यासक्रम मागवून घे. कोणत्या विषयाबदल्यात इथला कोणता विषय, किती क्रेडिट, तिथली श्रेणी इथे कशी धरणार, जानेवारीतल्या हजेरीचं काय, हे सगळं एका कागदावर आणून विभागप्रमुख, प्राचार्य आणि परीक्षा विभाग अशा तिघांच्या सह्या घे. त्या सह्या होईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नकोस. तो कागद बाबांच्या हातात दिलास तर निम्मं भांडण मिटेल.

राहिलेलं निम्मं त्यांच्याच धंद्यातून मिटेल, असं मला मनापासून वाटतं. मात्सुयामापासून रेल्वेने तासाभराच्या आत इमाबारी हे गाव आहे. ते जपानचं सोलापूर समज, सगळं गाव टॉवेल विणतं. मी ओसाकाला शिकत असताना मुद्दाम तिथे गेले होते. तिथली एक चाचणी डोळ्यांनी पाहिली. टॉवेलचा लहानसा चौकोनी तुकडा पाण्यावर अलगद ठेवतात. पाच सेकंदांच्या आत तो बुडायला हवा, तरच तो इमाबारीचा टॉवेल. सुताला खळीचा किंवा तेलाचा अंश राहिला असेल तर तुकडा तरंगत राहतो. सायझिंगनंतरची, म्हणजे सुताला खळ लावल्यानंतरची धुलाई कशी झाली, ते तिथेच कळतं. त्यांचं पाणी मऊ आहे, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार. हा फरक बाबांना माझ्यापेक्षा जास्त समजेल. स्वस्त आयात मालाने ते गावही मेटाकुटीला आलं होतं. २००६ पासून तिथल्या कारखानदारांनी एकत्र येऊन दर्जाच्या चाचण्या ठरवल्या, एकच खूण ठरवली, आणि चाचणीत उतरेल त्याच मालावर ती खूण लावायची असं ठरलं. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तरी आपल्या नावाने कुठलाही माल विकला जातो. हे थांबवायचं कसं, हा बाबांचा रोजचा प्रश्न असणार. तो प्रश्न घेऊन जा. पाच महिने हाताशी असताना तुझ्यासारखी मुलगी नुसती वर्गात बसून आली, तर मला फार वाईट वाटेल.

पैशांचं थोडक्यात. करारातून जाणाऱ्यांना बहुधा तिथली फी माफ असते, फी इथल्या कॉलेजात भरायची. तिकीट, राहणं, जेवण, विमा तुमच्याकडे. जास्सो या तिथल्या संस्थेची महिन्याला ८०,००० येनची शिष्यवृत्ती असते, त्यासाठी नाव यजमान विद्यापीठ सुचवतं. म्हणून त्यांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आजच ईमेल कर. परवाना घेऊन आठवड्याला २८ तास काम करता येतं, पण त्या भरवशावर हिशेब मांडू नकोस.

व्हिसाआधी तिथल्या इमिग्रेशनकडून पात्रतेचं प्रमाणपत्र यावं लागतं. त्यासाठी विद्यापीठ अर्ज करतं आणि महिना ते तीन महिने लागतात. पासपोर्ट नसेल तर या आठवड्यात अर्ज टाक. तिथे पोचल्यावर राहायची जागा ठरली की १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. तिथेच राष्ट्रीय आरोग्य विम्यातही नाव घाल, म्हणजे दवाखान्याच्या खर्चाचे ३० टक्केच आपल्याला भरावे लागतात.

आईंना सांग, उपाशी राहणार नाहीस, पण बाहेरच्या जेवणावर भरवसा नको. नुसत्या भाज्या दिसणाऱ्या सूपमध्येही दाशी असतं, म्हणजे बहुधा माशाचं पाणी. उदोन म्हणजे जाड शेवया, मिसो सूप, सगळ्यात तेच. हॉस्टेलला स्वयंपाकघर आहे का, हे आधी विचार. भात, टोफू, भाज्या, दही सहज मिळतं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी भरपूर ने, दोन्ही टिकतात. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता नेऊ नकोस, विमानतळावर काढून घेतील. तिथली वीज १०० व्होल्टची, म्हणून घरचा मिक्सर नको.

औषधांचं मात्र नीट वाच. आपल्याकडे सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, खोकल्याच्या काही औषधांत कोडीन. ठरावीक प्रमाणापुढे ही द्रव्यं जपानमध्ये नेणं गुन्हा आहे. आईने प्रेमाने भरून दिलेली गोळ्यांची पिशवी डॉक्टरांना दाखवून पाकिटामागचे घटक तपासून घे. चिठ्ठीवरची औषधं एका महिन्यापुरतीच आणि मूळ पाकिटात.

भाषेला घाबरू नकोस. हिरागाना आणि काताकाना या जपानी लिप्यांची ४६-४६ मूळ अक्षरं रोज थोडी गिरवलीस तर निघेपर्यंत वाचता येतील. क्रियापद शेवटी येतं, कन्नडसारखं आणि मराठीसारखं, त्यामुळे वाक्य आपल्याला लवकर बसतं. भैय्या चौकातल्या स्मारकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण जपली आहे. १९३८ मध्ये ते चीनला गेले, तेव्हा त्यांनाही चिनी येत नव्हती. तिथेच शिकले.

आज्जीचं मात्र खरं आहे, जानेवारीत तू यात्रेला नसशील. तिला खोटा दिलासा देऊ नकोस. नंदीध्वज निघतील तेव्हा घरातल्या कुणाला तरी व्हिडिओ कॉल लावायला सांग. तिथलं घड्याळ साडेतीन तास पुढे, त्यामुळे वेळ जुळवायला अवघड नाही.

आणि एक काम इथूनच उरक. इमाबारीतले कारखाने अनोळखी विद्यार्थ्याला सहसा आत घेत नाहीत, प्राध्यापकाचं पत्र लागतं. तुझ्या यजमान प्राध्यापकांना बाबांच्या कारखान्याची माहिती, तिथल्या मागांचे आणि टॉवेलचे फोटो पाठव, काय पाहायचं आहे ते नेमकं लिही आणि भेटीची सोय कराल का, असं विचार. ऑक्टोबरमध्ये पोचल्यावर विचारलंस तर सत्र संपत येईल तरी भेट होणार नाही.