आयरेसिंग या ऑनलाइन कार-रेसिंग गेममध्ये मॉड, म्हणजे बाहेरच्यांनी बनवलेल्या गाड्या-ट्रॅक, का चालत नाहीत? कोल्हापूरचा मोहिते कार्टिंग ट्रॅक बनवायचा तर कुठला गेम घ्यावा?

भावा, डोळे झाकून २०१४ चा असेटो कोर्सा घे. तो बनवणाऱ्या कुनोस कंपनीनं तो मॉडसाठी मोकळा ठेवला, म्हणूनच कस्टम शेडर्स पॅचसारख्या (ग्राफिक्स सुधारणारा मॉड) बाहेरच्या पोरांच्या कामावर तो अजून पळतोय. त्याच कुनोसनं २०१९ च्या असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या गेममध्ये मात्र मॉडच्या गाड्या-ट्रॅकना दार बंद केलं. तो जीटी गाड्यांच्या खऱ्या शर्यत-मालिकेचा अधिकृत गेम, लायसनचा मामला असणार.

आयरेसिंगचं गणित वेगळं. ऑनलाइन शर्यतीत रेटिंग असतं, सगळ्यांकडं गाडी तंतोतंत तीच लागते. शिवाय गाड्या-ट्रॅक विकणं हाच त्यांचा धंदा! गाडीचं रंगकाम तेवढं करू देतात.

कोल्हापूरच्या ट्रॅकवर जाऊन चढउतार आणि कर्ब (ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्ट्या) मोजून घे. सॅटेलाइट फोटोवरून वळणं जमतात, उतार नाही. आणि दुसऱ्या गेममधून उचललेली गाडी टाकू नकोस, मॉडला हौसेनं वाव देणारे डेव्हलपरपण तिथं भडकतात.