स्ट्रॅटोस्फिअरमध्ये (ढगांच्या वरच्या हवेच्या थरात) ऊन परतवणारे कण फवारले तर पृथ्वी थंड होईल का? पावसावर काय परिणाम होईल?

थंड होईल, पण पावसाची हमी नाही. निसर्गानेच हे एकदा करून दाखवलंय. जून १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला आणि सुमारे दीड कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला. त्यापासून बनलेले आम्लाचे बारीक थेंब ऊन परतवू लागले, पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान साधारण अर्धा अंश उतरलं. सोबत जमिनीवरचा पाऊसही घटला. ऊन कमी तर बाष्पीभवन कमी, साधा हिशेब. ओझोनचा थर विरळ झाला तो वेगळाच.

खरी गोम पुढे आहे. हे थेंब वर्ष-दोन वर्षांत खाली येतात, म्हणजे फवारणी चालूच ठेवायची. मध्येच थांबवली, तर टाळलेली तापमानवाढ काही वर्षांतच अंगावर येते. तापमान वाढवणारा कार्बन डायऑक्साइड हवेत आहे तिथेच, तो विरघळून समुद्राचं पाणी आम्लधर्मी होत जाणंही चालूच. आणि हो, आकाश थोडं दुधाळ दिसेल.