हेडफोनमधला टोन मंडपात का टिकत नाही?

प्रश्न : मी गेली नऊ वर्षे एका वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. पूर्वी माझ्या पाठीमागे अँप्लिफायर असे आणि त्याच्यासमोर माइक लावला जाई. दोन वर्षांपूर्वी तो विकून मी डिजिटल मॉडेलर, म्हणजे अँप्लिफायर आणि स्पीकरचा आवाज संगणकीय पद्धतीने उभे करणारे यंत्र, घेतला. रात्री हेडफोन लावून प्रीसेट (टोनची जतन केलेली मांडणी) तयार करतो तेव्हा टोन भरदार वाटतो. पण गणेशोत्सवात मंडपात तोच प्रीसेट लावला की खालचे स्वर घुमतात, वरचे कानाला टोचतात आणि सगळी वाद्ये सुरू झाली की गिटार ऐकूच येत नाही. अँप्लिफायर परत आणावा, असे सहकारी म्हणतात. आपला सल्ला काय? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अँप्लिफायर परत आणण्याची घाई करू नये. आपण वर्णन केलेल्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे आणि ते यंत्रात नसून प्रीसेट ज्या पातळीवर ऐकून तयार झाला त्या पातळीत आहे. माणसाचा कान सर्व स्वर सारख्या तीव्रतेने ऐकत नाही, आणि हा असमतोल आवाजाच्या पातळीनुसार बदलतो. बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी 1933 मध्ये याचे आलेख प्रसिद्ध केले. आवाज हळू असताना खालचे स्वर आणि अगदी वरचे स्वर कानाला क्षीण वाटतात, मधले मात्र तुलनेने स्पष्ट ऐकू येतात. त्यामुळे रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून हळू आवाजात बसलेला वादक नकळत बेस (खालचे स्वर) आणि ट्रेबल (वरचे) वाढवतो आणि मिड (मधले) कमी करतो. मंडपातल्या मोठ्या आवाजात कानाची ती उणीव उरत नाही, पण आपण केलेली वाढ तशीच राहते. म्हणून बेस घुमतो आणि ट्रेबल टोचतो. गिटार हरवण्याचे कारणही तेच. तिची ओळख साधारण 500 ते 2,000 हर्ट्झ या मधल्या पट्ट्यात असते आणि घरी आपण नेमका तोच पट्टा कोरून टाकलेला असतो. खाली बेस गिटार आणि ड्रम, वर झांजा, आजूबाजूला कीबोर्ड, अशा गर्दीत गिटारची हक्काची जागा तेवढी एकच आहे.

तेव्हा पहिला नियम असा की प्रीसेट ज्या आवाजात वाजवायचा त्याच आवाजात, आणि शक्यतो त्याच जातीच्या स्पीकरवर तयार करावा. तालमीच्या जागी एखादा पी.ए. (श्रोत्यांसाठीच्या ध्वनिक्षेपणाचा) स्पीकर असतोच. मॉडेलर त्याला जोडावा, आपल्याच कार्यक्रमाचे गिटारविरहित ध्वनिमुद्रण मिळाले तर तेही त्याच स्पीकरवर लावावे आणि त्याच्या सोबतीने वाजवत नॉब फिरवावेत. एकट्याने ऐकताना थोडा नाकातला, कोरडा वाटणारा टोन पुष्कळदा वाद्यमेळात अगदी नेमका बसतो. एकट्याने ऐकायला गोड वाटणाऱ्या टोनवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे, आणि बहुतेक वादक तिच्याकडे शेवटी वळतात. मॉडेलर हाती आला की आपण अँप्लिफायरच्या नावांची यादी चाळत बसतो. फेंडर घेऊ, मार्शल घेऊ की व्हॉक्स, यातच तास जातात. वास्तविक टोनचा फार मोठा भाग स्पीकर, त्याची पेटी आणि तिच्यासमोरचा माइक ठरवतात. गिटारचा 12 इंची स्पीकर साधारण 5,000 हर्ट्झनंतर वेगाने मावळतो, म्हणजे तो एक नैसर्गिक गाळणीच असतो. ही गाळणी नसलेला डिस्टॉर्शनचा (मुद्दाम फाटवलेला) आवाज थेट पी.ए.मध्ये सोडून पाहावा. गांधीलमाश्या घोंगावल्यासारखा कर्कश नाद येतो. मॉडेलरमधला कॅबिनेटचा (स्पीकरच्या पेटीचा) विभाग ही गाळणी पुरवतो. आधुनिक यंत्रांत त्यासाठी ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ वापरतात. रिकाम्या सभागृहात एक टाळी वाजवली की जो नाद परत येतो त्यात त्या वास्तूचा सगळा स्वभाव उमटतो. तसाच स्पीकर, पेटी आणि माइक यांचा एकत्रित स्वभाव एका अतिसूक्ष्म नादाच्या प्रतिसादात साठवलेला असतो. ही नोंद सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या वेगाने घेतलेली आणि 2,048 नमुन्यांची असेल, तर तिची लांबी जेमतेम 43 मिलिसेकंद भरते, पण टोनचा चेहरा तीच ठरवते.

म्हणून अँप्लिफायर एकच ठेवून आधी कॅबिनेट बदलून पाहावीत. शुअरचा एसएम57 हा 1965 पासूनचा माइक स्पीकरच्या मध्यभागासमोर असला तर आवाज धारदार येतो आणि कडेकडे सरकवला तसा मवाळ होत जातो. मॉडेलरमध्ये ही जागा बदलता येत असेल, तर ट्रेबलच्या नॉबला हात लावण्याआधी माइक बोटभर सरकवावा. त्यानंतर कॅबिनेटच्या विभागातील खालचा छेद (ज्याच्या खालचे स्वर गाळले जातात ती मर्यादा) 90 ते 100 हर्ट्झवर आणि वरचा छेद 6,000 ते 7,000 हर्ट्झच्या दरम्यान ठेवावा. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे 82 हर्ट्झचा, म्हणजे या छेदाच्या जरासाच खाली असतो, त्यामुळे हा छेद घातल्याने वाद्यमेळात काही गमावल्यासारखे वाटत नाही, आणि मंडपातली घुमघुम मात्र निम्म्याहून अधिक जाते.

अँप्लिफायरच्या नॉबविषयी एक जुनी समजूत दूर करायला हवी. सगळे नॉब मध्यावर ठेवले की टोन सपाट, असे आपण मानतो. फेंडरच्या धाटणीच्या मंडलात (सर्किटमध्ये) तसे होत नाही. तिथे मध्यावरच्या नॉबांनी मिडमध्ये चांगलाच खड्डा पडतो, आणि तो बुजवण्यासाठी मिड बराच वर व बेस, ट्रेबल बरेच खाली आणावे लागतात. उत्तम मॉडेलर हा स्वभावही जसाच्या तसा उचलतात, म्हणून आकड्यांकडे न पाहता कानाने ठरवावे. जुन्या मार्शलच्या प्रतिकृतीची गोष्ट आणखी वेगळी. जिम मार्शल यांच्या लंडनमधल्या दुकानात 1962 मध्ये जो अँप्लिफायर घडला तो फेंडरच्या बासमनच्या मंडलावर बेतलेला होता, आणि त्याला व त्याच्या पुढच्या काही पिढ्यांना मास्टर व्हॉल्यूम (शेवटच्या टप्प्याकडे जाणाऱ्या आवाजाचा वेगळा नॉब) नव्हताच. त्यांचा प्रसिद्ध भरडा आवाज शेवटच्या टप्प्यातल्या व्हॉल्व्हवर ताण आल्यावरच निघतो. अशा प्रतिकृतीत यंत्राने मास्टरचा नॉब दिला असेल तर तो वरपर्यंत न्यावा आणि गेन (सुरुवातीच्या टप्प्यातली वाढ) कमी करावा. बहुतेक जण नेमके उलट करतात आणि पातळ, खरखरीत टोन पदरी पाडून घेतात. एकूणच गेन घरी आवडतो त्यापेक्षा बराच कमी ठेवावा. मोठ्या आवाजात तारा आपोआप अधिक काळ झंकारतात आणि जास्त गेनमुळे बोटांचा आघात बोथट होतो.

एकल वादनासाठी आवाज चढवायचा असेल, तर अँप्लिफायरच्या आधी बूस्ट लावून उपयोग नाही. तिथे केलेली वाढ डिस्टॉर्शनमध्येच विरते आणि श्रोत्यांपर्यंत पोहोचत नाही. कॅबिनेटच्या नंतर 3 ते 4 डेसिबेलची वाढ द्यावी आणि सोबत मिड किंचित उचलावा. शिवाय उत्सवातल्या पी.ए.ची जोडणी पुष्कळदा मोनो (एकाच वाहिनीची) असते. दोन बाजूंना पसरलेला कोरस (एक वाद्य अनेक असल्यासारखे भासवणारा परिणाम) हेडफोनमध्ये कितीही सुंदर वाटला, तरी दोन्ही बाजू एकत्र झाल्यावर त्यातले काही स्वर एकमेकांना खोडून काढतात. प्रीसेट तयार करतानाच एकदा मोनोमध्ये ऐकावा, म्हणजे मंचावर गेल्यावर धक्का बसत नाही.

प्रश्न : माझा मॉडेलर जुना आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे नवे मॉडेलर आले आहेत, ते घेतल्याशिवाय खरा टोन मिळणार नाही का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : या यंत्रांमागे ढोबळमानाने दोन विचार आहेत. एकात अँप्लिफायरच्या मंडलातील प्रत्येक टप्पा गणिताने उभारतात. लाइन 6 कंपनीच्या 1998 मधल्या पॉड या यंत्राने ही कल्पना घरोघरच्या वादकांपर्यंत नेली आणि फ्रॅक्टल ऑडिओच्या एक्स-एफएक्स या यंत्राने तिला व्यावसायिक मंचावर मान मिळवून दिला. दुसऱ्या विचारात खऱ्या अँप्लिफायरमधून चाचणीचे नाद सोडून त्याचा ठसा घेतात. केम्पर कंपनीने हा मार्ग रूढ केला, आणि आता तेच काम न्यूरल नेटवर्क (नमुन्यांवरून शिकणारी संगणकीय रचना) करते. ठसा अतिशय हुबेहूब असतो, पण तो साधारणपणे नॉबच्या एकाच मांडणीचा असतो; गेन बराच फिरवला तर मूळ अँप्लिफायर जसा वागला असता तसे तो वागेलच असे नाही. ज्यांना एक आवडता टोन हवा त्यांना ठसा सोयीचा, ज्यांना नॉब फिरवत शोध घ्यायचा त्यांना मंडलाची प्रतिकृती. आपला आवडता टोन कोणत्या जातीचा आहे हे पारखायचे असेल, तर न्यूरल अँप मॉडेलर हे मुक्त सॉफ्टवेअर संगणकावर विनामूल्य चालते. आधी ते वापरून पाहावे. जुन्या यंत्रात बाहेरचा इम्पल्स रिस्पॉन्स भरण्याची सोय असेल, तर एक चांगला कॅबिनेट भरून पाहिल्याशिवाय नवे यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : लॅपटॉपला ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज संगणकात नेणारे यंत्र) जोडून सराव करते. टोन मंद, ब्लँकेटखालून आल्यासारखा येतो आणि स्वर उशिरा ऐकू येतो. – एक वाचक, पणजी

उत्तर : गिटारची केबल आपण बहुधा लाइनच्या इनपुटमध्ये लावली आहे. त्याचा रोध काही हजार ओहमच असतो, आणि साध्या पिकअपला (तारांचे कंपन टिपणाऱ्या भागाला) त्याचे ओझे होऊन वरचे स्वर गळतात. इंटरफेसवर ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेले बटण दाबावे. तिथे रोध 10 लाख ओहमच्या घरात असतो. उशिरासाठी सॉफ्टवेअरमधील बफर (आवाज साठवून पुढे देण्याचा तुकडा) 128 नमुन्यांवर आणावा. सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या वेगाला तो एका बाजूचा 2.7 मिलिसेकंद होतो. हवेतून आवाजाला एक मीटर जायला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात, म्हणजे अँप्लिफायरपासून तीन मीटरवर उभा असलेला वादकही आपला स्वर 9 मिलिसेकंद उशिराच ऐकतो. येण्याजाण्याचा एकूण उशीर 10 मिलिसेकंदांच्या आत राहिला तर बोटांना तो जाणवणार नाही. विंडोज असेल तर इंटरफेसच्या उत्पादकाचाच एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोहोचवणारे सॉफ्टवेअर) बसवावा.