लेखकाशी मंचावर बोलताना

प्रिय,

महोत्सवात एक दिवस कादंबरीकाराशी आणि दुसऱ्या दिवशी विचारवंताशी मंचावर बोलायचं काम तुझ्याकडे आलं आहे, आणि हातात तीन आठवडे आहेत. तेवढे पुरतात. फक्त पहिले दोन वाचनात घालव आणि प्रश्न लिहायला उशिरा बस. बरेच जण नेमकं उलटं करतात. प्रश्न आधी सुचतात, मग त्यांना पुरेल इतकंच पुस्तक चाळलं जातं. समोरच्या लेखकाला हे दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला कळतं, आणि तिथून पुढे ते ठेवणीतली उत्तरं देऊ लागतात.

सत्र ज्या पुस्तकावर आहे ते दोनदा वाच. पहिल्यांदा पेन्सिल हातात न घेता, दुसऱ्यांदा चिठ्ठ्या लावत. जिथे लेखकाने काही निवड केलेली दिसते तिथे चिठ्ठी लाव. निवेदक बदलला, एखादं पात्र मध्येच नाहीसं झालं, वीस वर्षं एका परिच्छेदात उरकली आणि एका दुपारीला मात्र बारा पानं दिली, अशा जागा. नुसतं आवडलं म्हणून चिठ्ठी लावू नकोस. आवडलेल्या जागेवरून कौतुक निघतं, प्रश्न निघत नाही. याशिवाय आधीची किमान दोन पुस्तकं वाच, त्यातलं एक अगदी पहिलं, आणि छापून आलेल्या चार-पाच मुलाखती. मुलाखतींमधून प्रश्न उचलायचे नाहीत, कोणती उत्तरं पाठ झाली आहेत ते ओळखायचं. एकच आठवण तीन ठिकाणी त्याच शब्दांत भेटली, तर मंचावर ती तूच एका वाक्यात सांगून टाक आणि तिच्या पुढचं विचार.

टिपणात पान क्रमांकाबरोबर प्रकरण आणि त्या परिच्छेदाचे पहिले चार शब्दही लिही. लेखकाच्या हातात दुसरी आवृत्ती असली की पानं जुळत नाहीत, आणि मंचावर पानं शोधण्यात गेलेलं अर्धं मिनिट प्रेक्षकांना पाच मिनिटांसारखं वाटतं.

आता प्रश्न. समज, एका कादंबरीत पहिली आठ प्रकरणं आई सांगते आणि नवव्यापासून मुलगा सांगू लागतो. 'लेखनाची प्रेरणा कुठून मिळते?' हा प्रश्न त्या कादंबरीबद्दल नाहीच. तो कुणालाही विचारता येतो, म्हणून उत्तरही कुणाचंही चालतं. 'निवेदनाचे प्रयोग तुम्ही जाणीवपूर्वक करता का?' यात समीक्षेचा वास येतो आणि उत्तर 'हो' या एका शब्दात संपू शकतं. त्याऐवजी असं विचार: 'नवव्या प्रकरणात आईचा आवाज थांबतो. तिथून पुढे ती फक्त मुलाकडून कळते. पहिल्या खर्ड्यातही असंच होतं?' आता घडलेलं सांगावं लागतं. उत्तर 'नाही' आलं तर पुढचा प्रश्न तयारच आहे: 'मग आईने सांगितलेलं नववं प्रकरण गेलं कुठे?' इथे लेखक खुर्चीत थोडे पुढे सरकतात, कारण त्या काढून टाकलेल्या पानांबद्दल सहसा कुणी विचारलेलं नसतं.

प्रश्न मोठ्याने वाचून पाहा. वीस सेकंदांपेक्षा लांबला तर त्यात तुझं मत घुसलेलं आहे, ते काढ. 'आणि' जोडून दोन प्रश्न एकत्र विचारू नकोस. लेखक शेवटच्याचं उत्तर देतात आणि पहिला, जो बहुधा चांगला असतो, हवेत राहतो. कथेत जे घडलं ते खरंच घडलं होतं का, हे कादंबरीकाराला विचारायचं नाही. आणि शेवट फोडायचा नाही. सभागृहातल्या निम्म्या लोकांनी पुस्तक अजून विकत घ्यायचं असतं.

वेळेचा हिशेब कागदावर मांड. ६० मिनिटांचं सत्र हातात ५५ मिनिटांचं येतं, कारण आधीच्या सत्राचे लोक बाहेर पडेपर्यंत आणि माईक बसेपर्यंत पाच मिनिटं जातात. त्यातून ओळखीला २, लेखकाच्या उतारा-वाचनाला ५, प्रेक्षकांच्या प्रश्नांना १३ आणि समारोपाला १ वजा कर. राहिली ३४. एक उत्तर सरासरी तीन मिनिटं चालतं, म्हणजे उपप्रश्न धरून अकरा. तू वीस लिही, पण त्यातल्या पाचांवर खूण कर. हे पाच राहून चालणार नाहीत. सगळ्यात अवघड प्रश्न शेवटासाठी राखून ठेवायचा मोह होतो, तो टाळ. पंधराव्या-विसाव्या मिनिटाला तो विचार. तोवर बोलणं रंगलेलं असतं आणि उत्तराला जागाही असते. शेवटी ठेवलेल्या अवघड प्रश्नाला नेहमीच घाईचं उत्तर मिळतं.

वाचन नेमकं किती हवं हेही लेखकाला आधीच सांग. सावकाश वाचताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, तेव्हा पाच मिनिटांत जेमतेम दोन छापील पानं बसतात. 'छोटासा उतारा' असं मोघम सांगितलंस तर सहा पानं येतील, आणि वाचणाऱ्या लेखकाला मध्येच थांबवणं यापेक्षा अवघड प्रसंग मंचावर दुसरा नाही. उतारा सुरुवातीलाच न ठेवता आठ-दहा मिनिटांनी ठेव. तेव्हा श्रोत्यांना पात्रं ओळखीची झालेली असतात.

आठवडाभर आधी लेखकाला फोन कर, वीस मिनिटांचा. विचारायच्या गोष्टी ठरलेल्या: कोणता उतारा, कोणता विषय नको, नावाचा उच्चार, कोणत्या कानाने नीट ऐकू येतं, पायऱ्या चढायला त्रास आहे का. प्रश्न मात्र सांगायचे नाहीत. विषयांची दिशा सांग, तेवढं पुरे. फोनवर चांगलं उत्तर आलं की मंचावर त्याची शिळी आवृत्ती मिळते, मध्ये 'मी मघाशी म्हटलं तसं' येतं, आणि श्रोते गोंधळतात. सत्राच्या आधी मंचामागच्या खोलीतही हाच नियम: प्रवास, हवा, चष्मा, काहीही बोला, पुस्तक नको.

छापून येणाऱ्या दीर्घ मुलाखती नमुना म्हणून समोर ठेवू नकोस. 'द पॅरिस रिव्ह्यू' या इंग्रजी साहित्यिक नियतकालिकाने १९५३ साली पहिल्या अंकापासून जी मुलाखतींची परंपरा चालवली, तिथे लेखकाला मजकूर पुन्हा पाहून दुरुस्त करता येतो. तिथली रेखीव वाक्यं अशी घडवलेली असतात. मंचावर माणूस अडखळतो, वाक्य अर्धवट सोडतो, परत मागे येतो. त्या अडखळण्यात तोंड घालू नकोस. उत्तर संपलं असं वाटल्यावर मनात तीनपर्यंत मोज. बरेचदा खरं उत्तर त्या तीन आकड्यांनंतर सुरू होतं.

मंच आदल्या दिवशी पाहून घे. खुर्च्या समोरासमोर नकोत आणि सरळ एका रांगेतही नकोत. दोघांचे गुडघे प्रेक्षकांकडे किंचित वळलेले राहतील अशा कोनात, साधारण चार फुटांवर. खोल सोफा असेल तर बदलून माग. त्यात माणूस मागे रेलतो, आवाज पडतो, आणि वयस्कर पाहुण्यांना उठताना हात द्यावा लागतो. मधलं टेबल बुटकं हवं, नाहीतर पाण्याच्या बाटल्याच दिसत राहतात. घड्याळ तुझ्या नजरेच्या रेषेत, प्रेक्षकांमध्ये किंवा मंचाच्या कडेला. मनगटावरचं घड्याळ पाहिलंस की लेखकाला वाटतं आपण लांबण लावली. पहिल्या रांगेत एका स्वयंसेवकाला उरलेली मिनिटं दाखवणारे १५, ५ आणि ० असे तीन फलक देऊन बसव.

माईकबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण सत्रं विचारांअभावी कमी आणि आवाजाअभावी जास्त फसतात. हातातला माईक हनुवटीजवळ, तोंडापासून तीन-चार बोटांवर. लेखक हातवारे करणारे असतील तर माईक त्यांच्या हाताबरोबर फिरतो आणि निम्मी वाक्यं हरवतात. त्यांच्यासाठी कॉलर माईक माग. कॉलर माईकला माळ, ओढणी, शालीची किनार घासली की खरखर येते, म्हणून तो मोकळ्या जागी आणि तुझ्या बाजूला झुकता लावायला सांग, कारण सत्रभर ते तुझ्याकडेच वळून बोलणार आहेत. माईक तपासताना टिचकी मारू नकोस. उताऱ्यातली दोन वाक्यं नेहमीच्या आवाजात बोल. माईक घेऊन स्पीकरच्या समोर गेलीच कुणी स्वारी, तर शिट्टी वाजणार. एक जादा माईक टेबलाखाली ठेव. आणि सत्र संपल्यावर कॉलर माईक बंद झाला आहे याची स्वतः खात्री कर. मंचामागे निवांत बोललेलं सभागृहाने ऐकलं, असं घडत असतं.

टिपणं पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डांवर, एकाच बाजूला, मोठ्या अक्षरात, क्रमांक घालून. सुट्ट्या कागदांची सळसळ माईकमध्ये येते. फोनवरून प्रश्न वाचलेस तर दुरून बघणाऱ्याला तू निरोप वाचत आहेस असंच वाटेल.

लेखकाची ओळख करून देताना पुरस्कारांची यादी वाचू नकोस, ती पत्रिकेत असते. दोन मिनिटांत एवढंच सांग: हे कोण, आजचं पुस्तक कशाबद्दल आहे, आणि ते आज का वाचावं. महोत्सव कसा आहे यावरही ओळख ठरते. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावाच्या १९८८ पासूनच्या महोत्सवात लोक त्या सत्राचं तिकीट काढून येतात, म्हणजे लेखक कोण हे त्यांना ठाऊक असतं. जयपूरच्या २००६ पासूनच्या महोत्सवात बरीच वर्षं प्रवेश विनाशुल्क होता आणि सत्रं समांतर चालतात. तिथे लोक मध्येच येतात आणि मध्येच उठतात. अशा ठिकाणी लेखकाचं आणि पुस्तकाचं नाव मध्यावर एकदा सहज पुन्हा घे. उठून जाणारे तुझ्यावर रागावून जात नसतात, त्यांना दुसऱ्या मांडवात जायचं असतं. तिकडे बघू नकोस.

दुसऱ्या दिवशीच्या विचारवंतासाठी तयारी वेगळी. तिथे पानांइतकेच शब्दांचे अर्थ महत्त्वाचे. 'विकास', 'परंपरा', 'स्वातंत्र्य' असा मोठा शब्द आला की 'तुम्ही हा शब्द कशासाठी वापरता?' हे पहिल्या दहा मिनिटांतच विचार, नाहीतर तासभर दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर बोलत राहाल. आकडा आला की तो कुठला आणि कोणत्या सालचा हे विचार. उद्धटपणा न वाटता विचारायचं तर 'वाचकांना हे कुठे पाहता येईल?' असं म्हण. विरोधी मत मांडताना ते विरोधकाला मान्य होईल इतक्या सशक्त रूपात मांड. आणि मग: 'तुमच्या विरोधकांचा कोणता मुद्दा तुम्हाला सर्वांत जास्त अडचणीत टाकतो?' प्रामाणिक विचारवंत या प्रश्नावर खुलतात. जे टाळतात, त्यांचं टाळणंही श्रोत्यांना दिसतं. तुला वेगळं काही करावं लागत नाही. वाद मात्र घालू नकोस. एकदा उलट विचार, दुसऱ्यांदा नेमकेपणाने विचार, आणि पुढे जा.

पाहुणे लांबण लावत असतील तर थोडं पुढे झुक, त्यांचं नाव घे आणि त्यांच्याच शेवटच्या वाक्यातला एक शब्द पकडून प्रश्न कर. 'वेळेअभावी' म्हणून तोडण्यापेक्षा हे कमी बोचतं. उलट एकेका शब्दात उत्तरं येत असतील, तर 'का' विचारणं सोड आणि 'कसं', 'कधी', 'मग काय झालं' यावर ये. पुस्तक उघडून एक वाक्य वाचून दाखवलंस तरी गाडी सुरू होते.

दुभाषा असेल तर प्रश्न थेट निम्मे कर, कारण प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं. बोलायचं लेखकाकडे बघून, दुभाषाकडे बघून नाही. उतारा आणि विशेषनामांची यादी त्याला दोन दिवस आधी दे. कानात ऐकू येणारा समांतर अनुवाद असेल तर दोन दुभाषे हवेत, ते साधारण अर्ध्या तासाने आलटून पालटून बोलतात. एकट्यावर तासाचं काम टाकलं तर शेवटी अनुवाद गळायला लागतो.

प्रेक्षकांचे प्रश्न हा तुझ्या हातून सुटण्याचा काळ. माईक स्वयंसेवकाच्याच हातात राहू दे, प्रश्नकर्त्याच्या हातात गेलेला माईक लवकर परत येत नाही. आधीच सांग: एक प्रश्न, अर्धं मिनिट. भाषण सुरू झालं तर 'यातला प्रश्न कोणता धरू?' असं हसून विचार. पहिला हात वर करणाऱ्यापेक्षा कडेच्या, मागच्या रांगांतल्या हातांकडे बघ. प्रश्न थोडक्यात परत सांग. मागच्यांना तो ऐकू आलेला नसतो आणि ध्वनिमुद्रणातही नीट येत नाही. तीन प्रश्न एकदम घेऊ नकोस, लेखक त्यातला सोपा उचलतात. कुणीच हात वर केला नाही तर वीसमधला उरलेला एक विचार, तेवढ्यात हात येतात.

'सध्या काय लिहिताय?' यावर सत्र संपवू नकोस. हातातलं लेखन बोलून दाखवायला अनेकांना नको वाटतं आणि शेवट पडेल होतो. पुस्तकातल्याच एखाद्या छोट्या जागेवर थांब, एक मिनिट आधी थांब, आणि स्वाक्षऱ्या कुठे होणार हे स्पष्ट सांग. तिथे एका स्वयंसेवकाला चिठ्ठ्या घेऊन रांगेत उभं कर, म्हणजे प्रत्येकाचं नाव आधीच लिहिलेलं असेल आणि लेखकाला प्रत्येक नावाचं ऱ्हस्व-दीर्घ विचारावं लागणार नाही.

वीस प्रश्नांची यादी झाली की पाठव. प्रत्येकापुढे पान क्रमांक हवा. ज्याच्यापुढे लिहिता येणार नाही तो पाठवण्याआधीच खोड.

तुझा,
एक जुना मुलाखतकार