सुपरहिरोने अवकाश स्थानक उचललं तर?

प्रश्न : आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची जोडणी १९९८ मध्ये सुरू झाली आणि मुख्य काम २०११ पर्यंत चाललं. कितीही वजन घेऊन उडणारा सुपरहिरो मदतीला असता, तर जमिनीवरच जोडलेलं अख्खं स्थानक त्याने एका दिवसात वर नेऊन ठेवलं असतं ना? नाहीतर त्याचा उपयोग काय?
– एक वाचक, मिरज

उत्तर : वर नेलं असतं, पण ठेवता आलं नसतं. ४०० किलोमीटर उंचीवर त्याने हात सोडले, की सुमारे ४२० टनांचं ते धूड पाचेक मिनिटांत खाली येईल. कक्षेत टिकायला आडवा वेग हवा, सेकंदाला जवळपास ७.६६ किलोमीटर. एक किलो वस्तू नुसती तेवढ्या उंचीवर न्यायला सुमारे ३.७ मेगाज्यूल ऊर्जा पुरते. हा वेग द्यायला मात्र २९ मेगाज्यूलहून जास्त लागते. म्हणजे उचलणं हा एकूण कामाचा जेमतेम नववा हिस्सा.

त्यात धरायचं कुठे? दोन्ही तळव्यांचं क्षेत्रफळ मिळून ३०० चौरस सेंटिमीटर धरलं, तर दर चौरस सेंटिमीटरवर १,४०० किलोचा भार येतो. कवच काही मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमचं; हात सरळ आत घुसतील. स्पेस शटल या यानातून मॉड्यूल (स्थानकाचे खोलीसारखे सुटे भाग) नेताना भार कवचावर न घेता बाजूच्या जाड खुंट्यांवर घेत, तो यासाठीच. शिवाय सुमारे ३५ मीटर लांबीचे सौर पंख उलगडलेल्या अवस्थेत पृथ्वीवरचं स्वतःचं वजन पेलायला बनवलेलेच नाहीत.

तेव्हा भाग सुटे आणि घडी करूनच न्यावे लागतील. रॉकेटचा खर्च वाचेल, जोडणीचा वेळ नाही. अमेरिकी बाजूचे दोन मॉड्यूल जोडताना मोटरने फिरणारे १६ बोल्ट आवळायचे, गळती तपासायची, मग वीज आणि शीतकरणाच्या जोडण्या करायच्या. इथे ताकदीचा काहीच फायदा नाही.

त्याची खरी गरज पुढची वर्षानुवर्षं आहे. एवढ्या उंचीवरही विरळ हवा असते. तिच्या घर्षणाने स्थानक महिन्याला साधारण २ किलोमीटर खाली येतं. सूर्य जास्त सक्रिय असेल तेव्हा त्याहून जास्त. ते भरून काढायला वेग फक्त १.१ मीटर प्रतिसेकंद वाढवावा लागतो, पण त्यासाठीही दीडशे किलोच्या आसपास इंधन जळतं. हे इंधन सुपरहिरो वाचवेल. (तो कशाला रेटा देऊन उडतो, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.)

मात्र वरच्या दिशेने ढकलून चालणार नाही. स्थानक ज्या दिशेने जातंय त्याच दिशेने, मागून ४,२०० न्यूटन बलाने साधारण ५७ सेकंद रेटायचं. त्याने कक्षेची पलीकडची बाजू वर उचलली जाते. अर्धी फेरी, म्हणजे सुमारे ४६ मिनिटं झाली, की पुन्हा तेवढाच रेटा. मग कक्षा परत गोल होते.

सगळ्यात जपायचं ते बलाच्या रेषेला. ती गुरुत्वमध्यातून गेली पाहिजे. एक मीटर जरी चुकली तरी ४,२०० न्यूटन-मीटरची पीळ बसते. स्थानक स्थिर ठेवणाऱ्या चार जायरोंची (वेगाने फिरणाऱ्या जड चाकांची) प्रत्येकी क्षमता सुमारे ४,८०० न्यूटन-मीटर-सेकंद. चौघांची मिळूनही ती पाच सेकंदांच्या आत संपते आणि स्थानक गिरकी घ्यायला लागतं. रेटायची सोयीची जागा म्हणजे झ्वेझ्दा या रशियन मॉड्यूलचं मागचं टोक. पण मालवाहू यान जोडलं किंवा सुटलं, की गुरुत्वमध्य सरकतो, म्हणून दर खेपेला आधी नवा हिशेब हातात घेऊनच त्याने तिथे हात लावायचा.