भुशाचे पाइप: ११० मिमीचे घेऊ की १६०चे?

दीड एचपीचा डस्ट कलेक्टर (भुसा खेचून बॅगेत भरणारा पंखा) घेतलाय. टेबल सॉ, १२ इंची थिकनेसर (फळी रंधून एकसारख्या जाडीची करणारं मशीन) आणि बँड सॉ आहे. हार्डवेअरवाला म्हणतो १६०चा पाइप घ्या, हवा जास्त खेचेल. घेऊ का? (चिंचवड)

नका घेऊ. म्हणजे तो अगदीच चुकीचं बोलत नाहीये, मोठ्या पाइपात हवेला अडथळा कमी होतो हे खरंच आहे, पण भुसा पाइपात न बसता पुढे जायचा तर हवेचा वेग लागतो, लाकडाच्या भुशाला साधारण मिनिटाला ४००० फूट धरा. या वेगाने ४ इंची, म्हणजे ११०च्या पाइपातून मिनिटाला ३५० घनफूट हवा जाते आणि ६ इंचीला, म्हणजे १६०ला, तोच वेग ठेवायला जवळपास ७८० लागते. तुमच्या कलेक्टरच्या खोक्यावर ११००-१२०० लिहिलं असेल, पण तो आकडा पाइप नाही, बॅग भरलेली नाही अशा वेळचा. सगळं जोडल्यावर निम्मं मिळालं तरी खूप. ५०० घनफूट १६०च्या पाइपातून गेले की वेग २५००च्या आसपास येतो आणि आडव्या पाइपात थिकनेसरचा जाड भुसा खाली बसायला लागतो, मग कधीतरी एकदम ढीग सुटतो आणि खड्खड् करत पंख्यात जातो.

एका वेळी एकच मशीन चालवताय ना? मग ११०च घ्या, आणि थिकनेसर कलेक्टरच्या सगळ्यात जवळ ठेवा, कारण सगळ्यात जास्त माल तोच टाकतो. बँड सॉ लांब असला तरी चालतो. मधला साइझ पाहिजे तर शेतीच्या पाइपात १२५ आणि १४० मिळतात, पण त्यांचे वाय (Y आकाराचे जोड) आणि बेंड शोधता शोधता तुमचे दोन रविवार जातील, स्वानुभव आहे.

आणि बाकीच्या मशीनच्या पाइपावरचे गेट (हवा अडवायच्या झडपा) बंद ठेवायचे हो, तीन तोंडं उघडी ठेवून कुठलाच पाइप खेचत नाही.

कुठला ११० घ्यायचा, एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा) की प्रेशरचा? आणि पीव्हीसीमध्ये स्टॅटिकमुळे स्फोट होतो म्हणतात, आतून तांब्याची तार ओढू का? (नाशिक)

एसडब्ल्यूआरचा टाइप ए. तो पातळ असतो, पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला वापरतात, आपल्याला त्याहून जाड लागत नाही. टाइप बी संडासाच्या लाइनला, उगाच वजन आणि पैसे. रिंग फिट (रबरी रिंगने बसणारा) घ्या आणि सोल्युशन अजिबात लावू नका, कारण सहा महिन्यांत तुम्ही मशीनची जागा बदलणार हे मी आत्ताच सांगतो. कलेक्टरचं तोंड १०० मिमीचं असेल तर ते ११०च्या आत सैल बसतं, त्याभोवती फोम टेप गुंडाळा, काम झालं.

फिटिंगमध्ये टी घेऊ नका, वाय घ्या, आणि त्याची शाखा अशी तिरकी पाहिजे की तिच्यातली हवा कलेक्टरच्या दिशेनेच मुख्य पाइपात शिरेल. ९०च्या जागी ४५चे दोन बेंड, मध्ये वीतभर सरळ तुकडा. जोडावर स्क्रू मारायचा मोह आवरा, मी मारले होते, आत आलेल्या टोकांना रंध्याचे लांब छिलके अडकून पक्ष्याचं घरटं तयार झालं होतं.

आता स्फोट. हवेत लाकडाची बारीक धूळ घनमीटरला साधारण ४० ग्रॅम झाली की धोका सुरू होतो. ४ इंची पाइपात ती गाठायला सेकंदाला ६-७ ग्रॅम बारीक धूळ सतत सोडावी लागेल, म्हणजे मिनिटाला ४०० ग्रॅम. घरचा सँडर तेवढं कुठून आणणार? पीव्हीसी वीज वाहूनच नेत नाही, त्यामुळे एक तार ओढून सगळा पाइप अर्थ होत नाही, तार फार तर हाताला बसणारा झटका कमी करते. ओढायचीच तर बाहेरून गुंडाळा, आतली तार भुसा अडवते. घरच्या वर्कशॉपमध्ये खरी भीती आगीची: करवतीला खिळा लागून उडालेली ठिणगी बॅगेत जाऊन रात्रभर धुमसते. म्हणून जुन्या लाकडातले खिळे आधी काढा आणि संध्याकाळी बॅग रिकामी करून मगच दार लावा.

जीआयचं (जस्त चढवलेल्या पत्र्याचं) डक्टिंग चांगलं का? (कोल्हापूर)

स्पायरल (पत्र्याची पट्टी गोल गुंडाळून केलेलं) चांगलं, महाग. एसीचं पातळ पत्र्याचं घेऊ नका, सगळे गेट बंद असताना मोठा पंखा त्याला आत चेपू शकतो.

सगळीकडे फ्लेक्सिबल होजच टाकलाय, पावसाळ्यात सारखा चोक होतो. (रत्नागिरी)

होणारच की. होजच्या आतल्या वळ्यांमुळे अडथळा सरळ पाइपाच्या दुप्पट-तिप्पट, त्यात तो मध्ये लोंबकळतो, आणि कोकणातल्या हवेत ओलसर भुसा त्या खोलगट जागेत चिकटून बसतो. लांबचा सगळा भाग कडक पाइपाचा करा आणि मशीनपाशी दोन-तीन फूटच होज ठेवा. पाइपाच्या टोकाला वाय लावून एक तोंड झाकणाने बंद ठेवलं की चोक झाल्यावर तिथून काठी घालता येते.

बेसमेंटमध्ये शॉप आहे. फिल्टरऐवजी हवा सरळ घराबाहेर सोडली तर बारीक धुळीची कटकटच संपेल ना? (न्यू जर्सी)

धूळ जाईल, पण थांबा. मिनिटाला ४०० घनफूट हवा बाहेर काढलीत तर तेवढी कुठून तरी आत येणार, आणि बेसमेंटमध्ये चिमणीवाला गॅसचा वॉटर हीटर किंवा फर्नेस असेल तर त्याच्या चिमणीतून उलटी येणार, कार्बन मोनॉक्साइडसकट. त्याला वास नसतो. खिडकी उघडी ठेवीन म्हणाल, पण जानेवारीत कोण ठेवतं! हवा आतच फिरवा आणि साधी कापडी पिशवी काढून १ मायक्रॉनचा फिल्टर लावा. लाकडाची धूळ १९९५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत कॅन्सरकारक पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, आणि साध्या पिशवीतून नेमकी तीच बारीक धूळ परत खोलीत येते.

फ्लॅटच्या बाल्कनीत राउटर आणि सँडर चालवतो, पाइप टाकू का? (ठाणे)

नको. शॉप व्हॅक्युम, जाड होज, मध्ये छोटा सायक्लोन (हवा गरगर फिरवून भुसा खाली पाडणारं भांडं) आणि झाकणाची बादली. बाल्कनीत पाइप फिरवायला जागा आहे तरी कुठे?